गुंजेहून हलका भार

गेल्या महिन्यांत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं सत्यनारायणाच्या प्रसादास जाण्याचा योग आला. घर तीन पिढ्यांचें. आजोबा-आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडें असें भरलेलें. आजोबा सरकारी बांधकाम खात्यांत जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेले. त्यांच्या थोरल्या नातीनें यंत्रशास्त्राची पदवी व तिच्या मागून पदव्युत्तर परीक्षा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण केलेली. प्रसाद घेऊन मंडळी निवांत बसली तेव्हां असें कळलें कीं, ह्या मुलीस एका कारखान्याचें नेमणूकपत्र आलें आहे आणि बंगळूरच्या एका संस्थेकडून पीएच्. डी.च्या प्रवेशाचेंहि पत्र आलें आहे. आणि ह्या दोन कागदांवरून गेले पंधरा दिवस घरांत खल चालला आहे.

“अगे, इंजिनियर झालीस, वरची परीक्षाहि झाली. आतां डॉक्टर होऊन कोणाचें औषधपाणी करणार आहेस?” असें आजोबा हंसत म्हणाले, पण त्या हंसण्यांत काळजी लपत नव्हती. धाकट्या काकांनीं पगार आणि विद्यावेतन ह्यांची वजाबाकी आधींच करून ठेविली होती. आजींचा हिशेब वयाचा होता. “पांच वर्षांनीं तिशी येईल. मग पुढचें सारें केव्हां व्हायचें?” मुलीची आई कांहींच बोलली नाहीं, ती नुसती मुलीकडे पाहत होती. शेवटीं आम्हींच विचारलें, “बाळ, तूं तेथें नेमकें काय करणार?”

“काका, वाहत्या हवेमुळें पृष्ठभागावर जें घर्षण होतें, तें अचूक मोजण्याची रीत शोधायची आहे.”

खोली क्षणभर स्तब्ध झाली. मग आजी म्हणाल्या, “हवेचें घर्षण! एवढ्यासाठीं पांच वर्षें?”

आजींच्या ह्या प्रश्नास आम्ही अडाणी प्रश्न समजत नाहीं. ज्या घरानें मुलांच्या शिक्षणासाठीं स्वतःच्या पोटास चिमटा घेतला, त्या घरास तो विचारण्याचा अधिकार आहे. इतिहासाची किंवा संस्कृताची पीएच्. डी. आपल्या घरांना कळते. कारण पोथ्या, बखरी, टीका हें सर्व आपल्या ओळखीचें. यंत्रविद्येंतील पीएच्. डी. मात्र गूढ वाटते. इंजिनियर म्हणजे पूल, धरण किंवा यंत्र उभें करणारा मनुष्य. त्यानें प्रबंध तो कशाचा लिहावयाचा? म्हणून ह्या खेपेस सामान्य उपदेश न करितां एका विद्यार्थ्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे. पाऊणशें वर्षांपूर्वींच्या ह्या विद्यार्थ्याचा विषयहि योगायोगानें हाच होता.

सतीश धवन ह्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० रोजीं श्रीनगर येथें झाला. शिक्षण लाहोरास, पंजाब विद्यापीठांत. त्या शिक्षणाचा क्रम आजच्या आईबापांस चमत्कारिक वाटेल. प्रथम गणित व पदार्थविज्ञान घेऊन बी. ए.; मग इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए.; आणि त्यानंतर यंत्रविद्येची बी. ई., ती १९४५ सालीं. आज एखाद्या घरच्या मुलानें अशी वाट धरली, तर ‘ह्याचें चित्त ठिकाणावर नाहीं’ असा निकाल चार वडीलधारी माणसें एका बैठकींत देतील. पदवीनंतर सुमारें एक वर्ष धवन ह्यांनीं बंगळूरच्या विमानांच्या कारखान्यांत काढलें आणि मग सरकारी शिष्यवृत्ति घेऊन ते अमेरिकेस गेले. १९४७ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतून विमानविद्येची एम्. एस्. पदवी त्यांनीं मिळविली. त्याच वर्षीं देशाची फाळणी होऊन लाहोर परक्या राज्यांत गेलें. ज्या शहरांतून विद्यार्थी निघाला होता, तेथें परत जाण्याची वाटच राहिली नाहीं.

पुढें ते कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथील कॅल्टेक ह्या सुप्रसिद्ध संस्थेंत गेले. १९४९ सालीं तेथील विमान-अभियंत्याची पदवी आणि १९५१ सालीं विमानविद्या व गणित ह्या विषयांतील पीएच्. डी. त्यांनीं संपादन केली. त्यांचे गुरु हान्स लीपमन हे बर्लिनमध्यें जन्मलेले. नाझी राजवटीच्या काळांत जर्मनी सोडावी लागलेल्या कुटुंबांतले. घर दुरावलेला शिष्य आणि देश दुरावलेला गुरु, अशी ती जोडी होती. पदवी हातीं आली तेव्हां धवन ह्यांचें वय तीस वर्षांचें होतें. आमच्या आजींनीं हें वय मुद्दाम ध्यानांत घ्यावें!

आतां विषयाकडे वळूं. नदीच्या कांठाशीं पाणी मंद वाहतें आणि मध्यभागीं वेगानें जातें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. हवेचेंहि तसेंच असतें. विमानाच्या पंखास अगदीं चिकटलेला हवेचा थर पंखावर जणूं स्थिर असतो. त्याच्यावरचा थर किंचित् सरकतो. त्याच्यावरचा आणखी थोडा. आणि असें करीत करीत थोड्याच अंतरावर हवेस तिचा पूर्ण वेग येतो. ह्या मधल्या पातळ भागास सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांट्ल ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९०४ सालीं ही कल्पना मांडली आणि त्याचा शिष्य ब्लासियस ह्यानें सपाट पाटीवरील शांत प्रवाहाचें घर्षण किती असावें ह्याचें गणित १९०८ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु हवा पुष्कळदां शांत वाहत नाहीं. ती खवळते, भोंवरे करिते. अशा क्षुब्ध प्रवाहाचें घर्षण पुष्कळ अधिक असतें आणि त्याचें गणित निव्वळ कागदावर सुटत नाहीं. फॉन कारमान आदि पंडितांनीं त्यासाठीं सूत्रें बसविलीं. पण सूत्र खरें कीं खोटें हें ठरविण्यास मापन हवें.

ह्या मापनाचें महत्त्व थोडक्यांत सांगतां येईल. प्रवासी विमान आकाशांत समगतीनें जात असतां त्यास जो अडथळा होतो, त्यांतील जवळजवळ निम्मा भाग ह्या घर्षणाचा असतो. इंधनाचा खर्च, पल्ला, वाहून नेण्याचें ओझें हीं सर्व त्यावर अवलंबून. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानें ध्वनीच्या वेगाला भिडूं लागलीं, तेव्हां मंद वेगांतील जुनीं सूत्रें तेथें लागूं पडतात कीं नाहीं, हा प्रश्न सर्व जगापुढें उभा राहिला.

पण मोजावें कसें? त्या काळीं बहुधा आडवळणानें मोजीत. पाटीच्या वर निरनिराळ्या उंचीवर हवेचा वेग पाहावयाचा, दोन ठिकाणांच्या मापांची वजाबाकी करावयाची आणि घर्षण अनुमानानें काढावयाचें. दोन मोठ्या आंकड्यांची वजाबाकी करून लहान आंकडा काढूं गेलें, म्हणजे मूळ आंकड्यांतील किंचित् चूकहि उत्तर बिघडविते, हें हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस ठाऊक आहे. सरळ मोजण्याचे प्रयत्न त्यापूर्वींहि झाले होते. पण वेगवान् हवेंत, लहान यंत्रानें आणि भरंवशानें मोजणें हें काम शिल्लक होतें. धवन ह्यांनीं तें अंगावर घेतलें.

त्यांची युक्ति ऐकण्यास सोपी आहे. आपल्या माजघरांतील शहाबादी फरशांपैकीं एकच फरशी सुटी केली, तिच्या कडेनें केसाएवढी फट ठेविली आणि ती नाजूक कमानींवर अशी तोलून धरली कीं तिचा पृष्ठभाग शेजारच्या फरशांशीं अगदीं समपातळींत राहील. आतां जमिनीवरून कांहीं ओढीत नेलें तर ही सुटी फरशी त्याबरोबर तसूभर सरकूं पाहील, आणि ती किती सरकली ह्यावरून ओढ किती होती हें कळेल. धवन ह्यांनीं धातूच्या सपाट पाटीचा एक लहानसा तुकडा असा सुटा केला, पाटी वातबोगद्यांत, म्हणजे ज्यांतून ठराविक वेगानें हवा सोडितात अशा नळींत, बसविली आणि तुकड्याचें सूक्ष्म सरकणें विजेच्या साहाय्यानें टिपलें.

ऐकण्यास सोपें, करण्यास मात्र महाकठीण. कारण मोजावयाचा भार होता सुमारें एक मिलिग्रॅमपासून शंभर मिलिग्रॅमपर्यंत. सोनाराची जुनी गुंज वाचकांस ठाऊक असेलच. तिचें वजन सुमारें एकशें एकवीस मिलिग्रॅम भरतें. तेव्हां ह्या विद्यार्थ्याच्या सर्व संशोधनांतील अतिमोठा भारसुद्धां एका गुंजेहून हलका होता! आणि तो मोजावयाचा कोठें, तर घोंघावत जाणाऱ्या हवेंत. तुकडा शेजारच्या पाटीहून लेशमात्र वर राहिला तर हवेचा धक्का लागून माप खोटें; लेशमात्र खालीं गेला तरी खोटें; फटींतून हवा आंत-बाहेर झाली तरी खोटें. म्हणून ह्या कामांतील बहुतेक श्रम मोजण्याचे नसतात, तर आपलें माप खोटें नाहीं अशी स्वतःची खात्री करून घेण्याचे असतात.

प्रथम मंद वेगांत मापन केलें. शांत प्रवाहाचें उत्तर ब्लासियसच्या गणिताशीं आणि क्षुब्ध प्रवाहाचें उत्तर कारमानच्या सूत्राशीं उत्तम जुळलें. यंत्र विश्वासू आहे हें ठरलें. मगच धवन अनोळखी प्रदेशांत शिरले. ध्वनिवेगाच्या सुमारें आठ दशांश वेगापर्यंत क्षुब्ध प्रवाहाचें घर्षण त्यांनीं मोजलें आणि ध्वनीहून अधिक वेगांतहि कांहीं थोडीं मापनें केलीं. अमेरिकेच्या विमानविद्येच्या राष्ट्रीय सल्लागार समितीनें हें काम १९५३ सालीं आपल्या अहवालमालेंत ११२१ व्या क्रमांकानें प्रसिद्ध केलें. वर्षांनुवर्षांच्या तपश्चर्येचें बाह्य फळ म्हणाल तर एवढेंच: एक लहान उपकरण, कांहीं आलेख आणि एक अहवाल.

येथें आजींचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. एवढ्यासाठीं?

धवन १९५१ सालीं स्वदेशीं परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेच्या विमानविद्या विभागांत रुजू झाले. हा विभाग १९४२ सालीं निघालेला, साधनें तुटपुंजीं. धवन ह्यांनीं तेथें ध्वनीहून अधिक वेगाच्या हवेचा एक बोगदा उभारला. देशांतील अशा प्रकारचा तो पहिला. त्याचें तोंड किती मोठें असावें? एक इंच रुंद आणि तीन इंच उंच! ज्यानें गुंजेहून हलकें वजन मोजून पदवी मिळविली, त्यास तीन इंचांची लाज वाटली नाहीं. साधन लहान असलें तरी प्रश्न मोठा विचारतां येतो, हें तो शिकून आला होता. १९५३ च्या सुमारास रोद्दम नरसिंह हा तरुण ह्याच विभागांत विद्यार्थी म्हणून आला. शांत प्रवाह क्षुब्ध कसा होतो ह्या विषयावर गुरुशिष्यांचा निबंध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला; आणि पुढें नरसिंहहि कॅल्टेकला जाऊन त्याच लीपमन ह्यांच्या हाताखालीं डॉक्टर होऊन परतले. प्रबंध कपाटांत राहतो. परंपरा अशी चालते.

१९६२ ते १९८१ धवन त्या संस्थेचे संचालक होते. विक्रम साराभाई ह्यांच्या अकालीं निधनानंतर १९७२ सालीं त्यांच्याकडे अवकाश-संशोधनाचीहि धुरा आली आणि ती त्यांनीं १९८४ पर्यंत वाहिली. ह्या काळांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेलें पहिलें उपग्रहवाहक अग्निबाण समुद्रांत पडलें. त्या कामाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. परंतु वृत्तपत्रकारांपुढें स्वतः धवन गेले आणि अपयश त्यांनीं आपल्या माथीं घेतलें. पुढील वर्षीं, १८ जुलै १९८० रोजीं, प्रयोग यशस्वी झाला. तेव्हां त्यांनीं वृत्तपत्रकारांपुढें कलामांस पाठविलें. पदवीच्या वेळीं स्वतःच्या मापावर सर्वांआधीं स्वतःच अविश्वास दाखविण्याची जी संवय लागते, तिच्यांतूनच अपयश न लपविण्याचें हें धैर्य येतें, अशी आमची तरी समजूत आहे.

आपल्या महाराष्ट्रासहि ह्या कथेंत स्थान आहे. पुण्यास १९३३ सालीं जन्मलेले आणि कोल्हापुरांत वाढलेले वसंत गोवारीकर इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें गार्नर ह्यांच्या हाताखालीं रसायन-अभियांत्रिकीचे डॉक्टर झाले. १९६७ सालीं ते थुंब्यास आले आणि अग्निबाणांच्या घन इंधनाचें काम त्यांनीं देशांतच उभें केलें. १९८० सालीं जें अग्निबाण यशस्वी झालें, तें घन इंधनावरच चालणारें होतें. एकाचा प्रबंध हवेच्या घर्षणाचा, दुसऱ्याचा उष्णता व द्रव्य ह्यांच्या देवघेवीचा. दोघांच्याहि प्रबंधांत अग्निबाणाचें नांव नव्हतें. पण अग्निबाणास ज्या माणसांची गरज होती, तीं माणसें त्या प्रबंधांनीं घडविलीं.

तथापि ही कथा सांगून प्रत्येक मुलामुलीस पीएच्. डी.च्या वाटेस लावावें, असा आमचा आशय नाहीं. धवन लाखांत एक होते. नोकरी मिळेना म्हणून, किंवा नांवामागें डॉक्टर लागावें म्हणून जो ह्या वाटेस जातो, त्याचीं वर्षें खरोखरच वायां जातात. पैशाचाहि विचार उघडपणें व्हावा. केंद्रसरकारच्या संशोधन-वेतनाचा सामान्य दर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये असा ठरला. एकट्या जीवाचें त्यांत भागतें; पण ज्या घरास मुलाच्या मिळकतीची आजच गरज आहे, त्या घरानें तसें स्पष्ट सांगावें आणि मुलानें तें ऐकावें. त्यांत कोणाचाच कमीपणा नाहीं.

मग घरानें विचारावें काय? आमच्या मतें तीन प्रश्न पुरे. पहिला: तुझा प्रश्न कोणता, आणि तो घरांतील सर्वांत कमी शिकलेल्या माणसास समजेल असा सांगतां येतो काय? दुसरा: तूं कोणाच्या हाताखालीं काम करणार, आणि त्यांच्या आधींच्या विद्यार्थ्यांचें पुढें काय झालें? तिसरा: पांच वर्षांनीं उत्तर हातीं आलें नाहीं, तरी तुझ्या हाताला असें कोणतें कसब येईल, जें कोणी हिरावून घेऊं शकणार नाहीं? ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं, तर घरानें संमति द्यावी. आणि एकदां दिल्यावर दर दिवाळीस ‘अजून किती राहिलें?’ असें विचारूं नये. पहिलीं दोन-तीन वर्षें यंत्र नुसतें खोटीं मापेंच देत असतें. त्या काळांत विद्यार्थ्यास घरचा डबा हवा असतो; घरची घाई नको असते.

विवाहाविषयीं एक शब्द. मुलगा परदेशीं पांच वर्षें शिकला तर आपण त्यास स्थळाचें भूषण मानितों. मुलगी शिकली तर तीच पांच वर्षें उशीर ठरतात. एकाच तागडींत दोन वजनें वापरणें हें आपल्या सुशिक्षित घरांस शोभत नाहीं.

एवढें सर्व त्या दिवशीं आम्ही बोललों, तोंवर तिन्हीसांजा झाल्या होत्या. आजी उठून आंत गेल्या आणि जुन्या डबींतून दोन-तीन गुंजा घेऊन आल्या. त्यांचे सासरे सोनें घेतांना जवळ ठेवीत असत त्या. तांबडी, काळ्या टिकल्याची एक गुंज त्यांनीं नातीच्या तळहातावर ठेविली आणि म्हणाल्या, “ह्याहूनहि हलकें मोजणार?”

“हो आजी.”

आजी कांहीं वेळ तिच्या हाताकडे पाहत राहिल्या. लग्नाची काळजी त्यांच्या चेहऱ्यावरून गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. आजोबांनीं मात्र चष्मा लावला आणि नातीस जवळ बोलावून विचारलें, “त्या सुट्या तुकड्याच्या कडेला फट किती ठेवायची, सांग बघूं.” पूल बांधणाऱ्या माणसास सांध्यांतील फटीचें महत्त्व नव्यानें शिकवावें लागत नाहीं. दोघें कागद-पेन्सिल घेऊन बसलीं. तें पाहून काकांनीं वजाबाकीचा कागद घडी घालून खिशांत ठेविला. आम्हीं निरोप घेतला, तेव्हां घरांतील निर्णय झालेला नव्हता. पण वाद संपला होता.

गेल्या आठवड्यांत पत्र आलें कीं, मुलगी बंगळुरास पोंचली. पत्र आजोबांच्या हातचें आहे. त्यांत तिच्या प्रकृतीविषयीं दोन ओळी आहेत आणि फटीविषयीं दहा.